मामाचा मेपल आणि आईचं ताक

आमच्या घरी फ्रिज आला आणि पहिल्याच डिसेंबरात मामाने त्यात झाड ठेवलं. खालचा कप्पा काढला, दह्याचं पातेलं वर सरकवलं, मोसंब्यांची पिशवी ओट्यावर आणून ठेवली आणि एकही पान नसलेलं, दीड वीत उंचीचं झाड कुंडीसकट आत ठेवून दार हलक्या हाताने लावलं. बाबा फ्रिजसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले की वसंतरावांच्या झाडाला गारठा सोसत असेल तर आमच्या श्रीखंडालाही सोसेल, तेवढी जागा शिल्लक ठेवा म्हणजे झालं. मामाने समजावून सांगितलं की हे थंड मुलखातलं झाड आहे, वर्षातून दोन महिने त्याला झोप लागते, ठाण्याच्या हवेत ती मिळत नाही, आणि झोप मिळाली नाही तर ते फार वर्षं काढणार नाही. आईने एवढंच विचारलं की दह्याला त्याचा वास तर लागणार नाही ना. त्यानंतर दर हिवाळ्यात आमचं दही आणि मामाचा मेपल शेजारीशेजारी राहू लागले, आणि घरी आलेला पाहुणा पाणी घ्यायला फ्रिज उघडून दचकला की आम्ही हसायचो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलेलं नव्हतं, वागळे इस्टेटमधल्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि आमच्याकडेच राहायचा. आमचं घर खोपटच्या एसटी डेपोच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि उत्तरेकडे एक लांबट गॅलरी. पहाटेपासून डेपोतल्या गाड्यांची घरघर सुरू व्हायची, एखाद्या गाडीचं इंजिन धरायचं नाही तेव्हा ते खोकून खोकून सगळ्या इमारतीला उठवायचं, आणि त्या आवाजात मामा गॅलरीत पाटावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, झाडाकडे बघत असायचा. कारखान्याच्या कामासाठी तो एकदा हिमाचलात गेला होता, तिथून बोटभर रोप टॉवेलात गुंडाळून आणलं होतं, त्या गोष्टीला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. माणूस विलक्षण नेमका. पेन्सिलीला टोक काढायचा तेही ब्लेडने, सगळ्या बाजूंनी सारखं. आईची चकली वेडीवाकडी पडली तर तिला बोलून दाखवायचा. बाबा म्हणायचे, वसंतरावांना मुलगी पसंत पडायची तर आधी तिचं तीन बाजूंनी ड्रॉइंग काढायला हवं.

त्याचा सगळा जीव त्या झाडाच्या मुळांवर. पानांचं कौतुक इतरांनी करावं. लालसर, पाच बोटांची, बाळाच्या तळव्याएवढी पानं होती आणि ती बघून शेजारणी हरखायच्यासुद्धा. पण मामा पाहुण्याला खाली वाकायला लावायचा. झाड जिथे मातीत शिरतं तिथे चहूबाजूंना मुळं पसरली होती, आजोबांच्या हातावरच्या शिरांसारखी फुगलेली, मातीच्या वर उघडी. ती तशी आपोआप आलेली नव्हती. दरवर्षी फेब्रुवारीत कुंडी बदलताना तो मातीची पातळी ज्वारीच्या दाण्याएवढी खाली आणायचा, त्याहून जास्त नाही, कारण एकदम उघडी पडलेली मुळं सुकतात. असं तेरा वेळा केल्यावर ती दिसायला लागली होती. एकदा शेजारच्या काकूंना त्या झाडाची दया आली. काकू कोकणातल्या, वांगी-मिरच्या लावून मोठ्या झालेल्या; मुळं उघडी पडली की मातीची भर घालायची हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मामा कामावर गेलेला बघून त्यांनी तुळशीतली दोन ओंजळी माती आणून नीट थापली आणि वर पाणीही घातलं. मामा त्यांना एक शब्द बोलला नाही. रविवारचा सबंध दिवस तो इंजेक्शनच्या पिचकारीने एकेका मुळावरची माती धूत बसला होता.

आणि मग मॉस. आम्ही त्याला शेवाळ म्हणायचो, आणि शेवाळ म्हणजे पावसाळ्यात जिन्यावर धरणारं, पाय घसरवणारं, तारेच्या ब्रशने घासून काढायचं. मामा ते लोकांच्या भिंतींवरून गोळा करून घरी आणायचा. श्रावणात डेपोच्या कुंपणाच्या भिंतीवर मखमलीसारखं मॉस यायचं. मामा लोणी लावायची जुनी सुरी आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन तिथे जायचा आणि मला सोबत न्यायचा, कारण एकटा माणूस भिंत खरवडताना बरा दिसत नाही. डेपोच्या वॉचमनने एकदा हटकलंच. "साहेब, भिंत कशाला खरवडताय? चुना पायजे का?" मामाने त्याला उभ्या उभ्या सांगितलं की उथळ कुंडीत माती लगेच तापते, वरवरच्या बारीक मुळ्या भाजतात, आणि मॉसचं पांघरूण घातलं की माती गार राहते. वॉचमनने मान डोलावली आणि त्यानंतर आम्ही दिसलो की स्टूल आणून द्यायला लागला.

पण हेच मॉस मुळांवर चढलं तर वाईट. ते ओलावा धरून ठेवतं आणि खालची साल कुजते. म्हणून दर रविवारी मऊ टूथब्रश पाण्यात बुडवून मुळं घासायची, खोडाकडे सरकलेलं मॉस चिमट्याने मागे घ्यायचं. हे काम त्याने माझ्याकडे दिलं. का दिलं हे मला तेव्हा कोडं होतं, कारण माझ्यासारखी उतावळी मुलगी सगळ्या इमारतीत नव्हती. बारावी झाली होती, टायपिंगचा क्लास चालू होता, स्थळं बघायची की नोकरी बघायची यावर घरात कोणाचं ठरत नव्हतं आणि माझंही ठरत नव्हतं. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत जायची. बसले की पाय हलायचे. पाय हलवले की लक्ष्मी जाते, असं आई दिवसातून दहादा म्हणायची, आणि मी म्हणायची की जाऊ दे ना, तिला तरी कुठेतरी जायला मिळू दे. माझ्या पायाला भिंगरी आहे हे मामाला दिसत होतं. त्याने हातात चिमटा दिला आणि पाटावर बसवलं. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात माझे पाय हलायचे नाहीत. पण एकतिसावं मिनिट लागलं की मला उठावंसं वाटायचंच.

आजही फारसा फरक पडलेला नाही. साठी उलटली, गुडघे बोलतात, तरी हे पाच परिच्छेद लिहिताना मी तीनदा उठून आले. एकदा कुकर बघायला, एकदा दूधवाल्याला सांगायला, एकदा उगीच.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मुंबईहून बोन्सायवाल्या मंडळाची दोन माणसं झाड बघायला आमच्या घरी आली. त्यांनी चहा घेतला, आईच्या थालीपिठाची तारीफ केली, आणि गॅलरीत गुडघ्यांवर बसून मुळं बघितली. मग त्यातले वयस्कर गृहस्थ मामाला म्हणाले की नोव्हेंबरअखेर आमचं प्रदर्शन आहे, त्यात हे झाड हवं. मामाने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं आणि त्याला कोणी आपणहून काही दिलंही नव्हतं. त्या रात्री जेवताना तो भातावर आमटी घ्यायचीच विसरला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासमोर बसून उगाच हसत होते. आणि लगोलग, दसऱ्याच्या तोंडावर, कारखान्याने त्याला तीन आठवड्यांसाठी बडोद्याला पाठवलं. नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

जाण्याआधी त्याने मला सगळं दोनदा सांगितलं आणि शिवाय ट्रेसिंग पेपरवर सुवाच्य अक्षरात लिहून गॅलरीच्या दाराला चिकटवलं. सकाळी मॉसचा कोपरा उचलून बोटाने माती बघायची, मगच पाणी. दहा ते चार कुंडीवर ओलं गोणपाट, उघड्या मुळांवर ओल्या कापडाची पट्टी, कारण ऑक्टोबरचं ऊन उत्तरेच्या गॅलरीतही भिंतीवरून परतून येतं. मॉसवर दोनदा फवारा. रविवारी ब्रश. आणि सगळ्यात खाली, अधोरेखित करून: आपल्या मनाने काही करू नये. निघताना मला म्हणाला, "रजू, झाड तुझ्या जिवावर सोडून चाललोय." मला त्या शब्दांचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

नऊ दिवस मी चोख केलं. दहाव्या दिवशी माझी मैत्रीण सुषमा हिचं पत्र आलं. तिचे वडील डोंबिवलीला राहायला गेले होते, तिला तिकडे टेलिफोन खात्यात नोकरी लागली होती, आणि तिने लिहिलं होतं की ये, तुला माझ्या पगाराची मिसळ खायला घालते. मी एका दिवसासाठी म्हणून गेले आणि तीन दिवस राहिले. सुषमाच्या पायात स्वतःच्या पैशाच्या सँडल होत्या, ती सकाळी डबा घेऊन निघायची आणि संध्याकाळी दमून, भाव खात परत यायची. मला तिचा हेवा वाटला. आपलं आयुष्य कुठल्या तरी थांब्यावर उभं आहे आणि गाडी येत नाही, असं वाटत राहिलं. तिथे मला झाड आठवलं नाही असं नाही. आईला पाणी घाल म्हणून सांगितलं होतं, तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

परत आले तेव्हा घरभर चकलीच्या भाजणीचा खमंग वास होता. आई दिवाळीची तयारी काढून बसली होती. तिने झाडाला पाणी घातलं होतं, पण तुळशीला घालतात तसं, सकाळी अंघोळ झाल्यावर वरून तांब्याभर. गोणपाटाचं मी तिला सांगितलंच नव्हतं. झाडाला काही झालं नव्हतं, पानं तशीच टवटवीत होती. मॉस मात्र वाळून काथ्यासारखं तपकिरी झालं होतं आणि कडेने उचकटून वर आलं होतं. मॉस असं मरत नाही, नुसतं रुसतं, दोन-तीन आठवडे फवारा मारत राहिलं की परत हिरवं होतं, हे मामाने मला पुढे सांगितलं. तेव्हा ते ठाऊक असतं तरी मी थांबले असते का, कोण जाणे. मामा यायला आठ-नऊ दिवस होते आणि मला ते मॉस उद्याच्या उद्या हिरवं व्हायला हवं होतं.

मग मला आठवलं की मामा एकदा बोलता बोलता म्हणाला होता, परदेशात लोक वाळकं मॉस चुरून ताकात कालवतात आणि दगडांवर लावतात, की ते भराभर धरतं. त्याने स्वतः ते कधी केलं नव्हतं. मी डेपोच्या भिंतीवरून होतं नव्हतं ते कोरडं मॉस खरवडून आणलं, तळहातावर चुरलं, आणि स्वयंपाकघरातून वाटीभर ताक घेतलं. आता आमच्या आईचं ताक सांगायला हवं. ती सकाळी घुसळून लोणी काढायची आणि लगेच त्या ताकाला मीठ लावून, आलं ठेचून टाकून, बरणी फ्रिजमध्ये ठेवायची. मीठ लावलं की ताक आंबत नाही असं तिचं म्हणणं. दुपारी आम्ही सगळे तेच प्यायचो, पाहुण्यांना तेच जायचं. बिनमिठाचं ताक मी जन्मात प्यायले नव्हते. त्यामुळे ते खारट आहे असं मला कधी वाटलंच नाही. ताक असंच लागतं, एवढंच मला माहीत होतं.

पहिल्या दिवशी मी ते मिश्रण दाढीच्या ब्रशने सगळ्या मातीवर फासलं. मुळांच्या बेचक्यांतही भरलं. ऊन असं होतं की दुपारपर्यंत ते वाळून पापुद्रे धरायचं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत वाटीभर ताक ओतलं, आणि तिसऱ्या दिवशी. पाणी कमी केलं, कारण मॉस वाहून जाईल अशी भीती. आठवडाभर असं चाललं. चौथ्या दिवशी मातीवर हिरवट झाक आली तेव्हा मी टाळ्या पिटल्या. मुळांवर पांढरं दिसायला लागलं ते मला दुधाचं वाटलं. सहाव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, कागद मेणबत्तीवर धरावा तशा. मी घाबरले आणि घाबरून आणखी ताक घातलं.

मामा यायच्या आदल्या दिवशी आई कपडे वाळत घालायला गॅलरीत आली आणि माझ्या हातातली वाटी बघून थांबली. काय चाललंय, म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने कपड्यांची बादली खाली ठेवली.

"अगं, मीठ असतं ना त्यात," ती म्हणाली.

मी हातातली वाटी बघितली. शेतात मीठ पडलं की काही उगवत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी खाली बसले. आई माझ्याशेजारी बसली आणि तिने पदराने माझं तोंड पुसलं, आणि मग हलक्या आवाजात तिने जे सुचवलं ते तिने तिच्या परीने मामाच्या आणि माझ्या, दोघांच्या भल्यासाठीच सुचवलं होतं. मामा फार मानी होता. बाबांच्या एखाद्या थट्टेवरूनही तो शहाडला खोली बघतो म्हणायचा, आणि आईला तो घरातून जायला नको होता. ती म्हणाली की उन्हाने झालं म्हण, यंदा ऊन काय कमी आहे का, कोणीही विश्वास ठेवेल. मी होकाराची मान हलवली.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बॅग दारात ठेवून, चपला न काढता, सरळ गॅलरीत गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा मला वाचता आला नाही. हातपाय धुतले, पाणी प्याला, आणि मग विचारलं, "रजू, पाण्याशिवाय काही घातलं होतंस का त्याला?"

मी म्हटलं, "नाही. पाणीच. ऊन फार होतं रे मामा."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतरचे तीन दिवस मी आयुष्यात परत कधी जगू इच्छित नाही. मामाने झाड आत आणून मोरीजवळच्या सावलीत ठेवलं, वरचं पाणी बेताचं दिलं, मुळांवर ओलं कापड टाकलं. ऊन लागलेल्या झाडाला करतात ते सगळं केलं. मीठ लागलेल्या झाडाला काय करतात हे मला माहीत नव्हतं, पण ते हे नसणार एवढं कळत होतं. रोज थोडी पानं गळायची आणि मी ती त्याच्या नजरेला पडायच्या आत उचलायची. चकल्या तळल्या, मी एकही धड पाडली नाही. डेपोतली गाडी खोकली की मी दचकायची. दुसऱ्या दिवशी जेवताना मामाने ताटाकडे बघत परत विचारलं की काही आठवलं का. मी नाही म्हटलं. आई वाढता वाढता थांबली आणि मग तिने त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली. बोलावं तर प्रदर्शन गेलं, मामा गेला, मामाचा माझ्यावरचा विश्वास गेला. न बोलावं तर झाड जाणार. मी घरातल्या घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की बाबांनी पेपर बाजूला करून विचारलं, हिला कुठली गाडी पकडायची आहे?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा भिंग घेऊन झाडापाशी बसला होता. शेंड्याचं एक पान त्याच्या समोर गळून पडलं. ते त्याने उचललं आणि तळहातावर ठेवून तसाच बसून राहिला. मला ते बघवलं नाही.

"मामा, मी ताक घातलं होतं. आठ दिवस. मिठाचं."

त्याने भिंग खाली ठेवलं. किती, म्हणून विचारलं. रोज वाटीभर, म्हणून मी सांगितलं. तो उठला तो असा झटकन की जणू त्याच शब्दाची वाट बघत होता. आमच्याकडे नळाला पाणी फक्त सकाळी यायचं आणि मोरीतल्या पिंपातलं एक तांब्या पाणी आई कोणाला जादा घेऊ द्यायची नाही. मामा म्हणाला, "ताई, पिंप लागेल." आईने पिंपावरचं झाकण काढलं. मामाने झाड कुंडीतून उपसून काढलं, मुळांना धरून बसलेली माती बांबूच्या काडीने सगळी मोकळी केली, आणि मी तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिले. तो झाड फिरवायचा, मी ओतायची. पिंप तळाला गेलं तेव्हा बाबा न बोलता दोन बादल्या घेऊन खालच्या टाकीवर गेले. धुऊन झाल्यावर उजेडात धरून मामाने मुळं बघितली. एका बाजूची बारीक मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती, आणि त्यांना धरून असलेलं, मुळांच्या त्या पंजातलं सगळ्यात देखणं जाड मूळही. त्याने कात्री घेतली. मी तोंड फिरवलं, पण आवाज ऐकला.

कात्री पुसता पुसता तो म्हणाला, "मीठ तू नकळत घातलंस. हे तीन दिवस मात्र कळून घातलेस."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने मंडळाला पोस्टकार्ड टाकलं की झाड आजारी आहे. नव्या मातीत, नव्याने रोवलेलं ते झाड जगलं, पण एका बाजूला कललेलं, अर्ध्या मुळांवर उभं असलेलं. त्याच्याकडे पाहुण्याला वाकायला लावणं मामाने सोडून दिलं. वर्षभरात त्याने खरंच शहाडला खोली घेतली. सांगताना म्हणाला की नदीच्या अंगाने हवा गार असते, झाडाला बरं. आई त्याला पोचवून आली आणि चहा करता करता मला म्हणाली की तुझ्यामुळे माझा भाऊ गेला. एकदाच म्हणाली, पण म्हणाली. पुढे मला नोकरी लागली, लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, आणि शहाडची ती गार हवा पाच-सहा वर्षं खाऊन एका मे महिन्यात ते झाड गेलं. मामाने तिथल्या पोरांना बोन्साय शिकवलं, पुष्कळ झाडं केली, वड, पिंपळ, उंबर, इथल्या मातीला सोसणारी. मेपल परत आणला नाही. मी त्याच्याकडे जायची-यायची, आमचं प्रेम काही आटलं नाही. पण मनात ते तीन दिवस होते. माझ्या मुलाने लहानपणी पहिली थाप मारली तेव्हा मी त्याला मारलं नाही, त्याच्यासमोर रडले, आणि का रडतेय ते त्याला सांगता आलं नाही.

मामा आता ऐंशीच्या घरात आहे, शहाडलाच असतो. परवा मी हे प्रकरण इथपर्यंत लिहून त्याच्याकडे घेऊन गेले. त्याला आता नीट दिसत नाही, म्हणून वाचून दाखवलं. ज्वारीच्या दाण्याच्या जागी तो म्हणाला की ज्वारीच्या निम्मा, दुरुस्त कर. बाकी सगळं डोळे मिटून ऐकलं. वाचून झाल्यावर डोळे उघडले. मग म्हणाला, "यात एक राहिलंय. ताक मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मला वाटलं, वय झालं, काहीतरी घोटाळा करतोय. मी विचारलं, कसं कळलं.

"मुळांवरचं पांढरं बोटाला लावून जिभेवर ठेवलं. ताईचं ताक, आलंसुद्धा लागलं."

"मग तेव्हाच धुतलं का नाहीस?"

"तुला विचारलं, तू नाही म्हणालीस. मला राग आला. म्हटलं, ही आपल्या तोंडाने सांगेपर्यंत मी हात लावायचा नाही. सावलीत ठेवायचं, पट्टी टाकायची, नुसतं नाटक. रोज वाटायचं, आज सांगेल." त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी धुतलं असतं तर ते मूळ वाचलं असतं, रजू. झाडाने काय केलं होतं माझं? त्या गॅलरीत मला नंतर बसवेना, म्हणून निघालो."

मी कागद घडी करून पिशवीत टाकले. चाळीस वर्षं जे ओझं माझं एकटीचं समजून वाहिलं, आईचा तो शब्द ज्याच्यापायी गिळला, त्यात अर्धा वाटा या माणसाचा होता आणि त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं. मला त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्हीतलं काही न करता मी चपला घालायला लागले.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"तीन," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. मी जिना उतरून रस्त्यावर आले तरी तो वर दारातच उभा होता. घरी आल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. सकाळपासून चारदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. आज दुसराच दिवस आहे.